शिकाऊ मावशी

माझ्या थोरल्या बहिणीने सत्तेचाळिसाव्या वर्षी लढाऊ दलात नाव घातलं, त्याला थोडासा जबाबदार मीही आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भरतीच्या फॉर्मच्या दोन प्रती तिने माझ्याकडूनच काढून नेल्या. "कुणासाठी गं?" असं मी विचारलं होतं. "आहे एक बाई," ती म्हणाली. आता माणूस स्वतःलाच 'एक बाई' म्हणेल हे मला कसं कळावं? मी वर फुकटात स्टेपल मारून दिली.

दलाचं पूर्ण नाव धूड निवारण दल. आमच्या शहराबाहेर मोठा तलाव आहे आणि त्यातून वर्षाकाठी आठ-दहा धुडं बाहेर येतात. ती कुणाला चावत नाहीत, कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत. फक्त बसतात. पण वीस-पंचवीस फुटांचं ओलं, राखाडी धूड तुमच्या स्कूटरवर बसलं, की त्याचा स्वभाव गरीब आहे या माहितीचा काडीचा उपयोग होत नाही. मागे एक धूड टपालपेटीवर बसलं होतं. त्या दिवशीची पत्रं ज्यांना मिळाली ते अजून ती उलगडतायत. आणि एकदा बूड टेकलं की दिवस-दिवस उठायचं नाव नाही.

दलात हुद्दे चार. सगळ्यात खाली शिकाऊ, मग रक्षक, मग पथकप्रमुख आणि सगळ्यांच्या डोक्यावर दलप्रमुख. कुठल्या धुडाशी कुणी लढायचं हे त्याच्या लांबीवर ठरतं. पंधरा फुटांपर्यंत रक्षक जाळं टाकतात. पंधरा ते तीस असेल तर पथकप्रमुख फेसाचा बंब सोडतो. तिसाच्या वर गेलं की खुद्द दलप्रमुख तोफ घेऊन येतात. म्हणून लढाईच्या आधी धूड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं आणि तीन प्रतींत फॉर्म भरायचा. हे काम शिकाऊचं. मोजणीची फीत शिकाऊशिवाय कुणीही हातात धरायची नाही, असा नियमच आहे. नियमांच्या पुस्तकात कारण दिलंय, 'शिस्त'. खरं कारण शेंबड्या पोरालाही कळेल. धुडाच्या इतकं जवळ जायला वरच्या हुद्द्यातलं कुणी तयार नाही.

ताईचा या सगळ्याशी संबंध शिलाई मशीनपुरता. दलाच्या फाटकाला लागून तिची टपरी. बावीस वर्षं तिने दलाचे गणवेश शिवले, उसवले, ढिले केले, आवळले. शिकाऊ जेव्हा रक्षक होतो तेव्हा त्याच्या कॉलरवर निळी पट्टी लागते, आणि ती मशीनवर मारायची नाही, हाताने सोळा टाके घालून लावायची अशी पद्धत आहे. ज्याला बढती मिळाली तो धावतपळत ताईकडे यायचा, स्टुलावर बसायचा आणि ताई त्याच्या मानेशी वाकून पट्टी लावायची. लावून झाली की प्रत्येक जण त्याच सेकंदाला अर्धा इंच उंच व्हायचा, असं ती सांगायची. तिने डोळ्यांनी मोजलेलं, म्हणजे खरंच असणार.

अशा चारशे अकरा पट्ट्या तिने लावल्या. मग एक दिवस फाटकावर नोटीस लागली. शिकाऊ म्हणून कुणी मिळेना, म्हणून वयाची अट अठरा ते पन्नास केली होती. ताईने ती नोटीस दोनदा वाचली, टपरीला कुलूप लावलं आणि माझ्या दुकानात आली.

घरी सांगितलं तेव्हा मी उभ्या उभ्या उसळलो. "अगं, वय काय, तू करतेस काय! लोक काय म्हणतील?"

भावजी, म्हणजे तिचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर चढउतार बघून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालंय. ते म्हणाले, "डबा किती वाजता लागेल?"

"साडेसहाला."

"बरं," भावजी म्हणाले आणि पेपर उलटला. झाली चर्चा.

मी मात्र दुसऱ्या दिवशी तिला गाठून विचारलंच, की हा काय खूळचटपणा? ती दोरा ओवत होती. म्हणाली, "चारशे अकरा लोकांच्या मानेवर लावली रे ती पट्टी. एकदा माझ्या मानेवर हवी आहे." एवढंच.

तुकडीत बाकीचे सगळे विशीतले. तिला ते मावशी म्हणायचे. पथकप्रमुख होती पंचवीस वर्षांची एक मुलगी. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणत. आवाज असा, की शिट्टी फुंकली नाही तरी चालावं. ती ताईला "शिकाऊ मावशी" अशी हाक मारायची, कारण नुसतं मावशी म्हटलं तर शिस्त बिघडते आणि नुसतं शिकाऊ म्हटलं तर जीभ रेटत नाही. पळण्यात ताई शेवटची यायची. दोरावर चढायची ती चार फूट, आणि तिथून दोर कुठे विरलाय ते सांगायची. पण पहिल्या आठवड्यात अख्ख्या तुकडीच्या पँटी तिने कमरेत घेतल्या. दलाच्या इतिहासात प्रथमच शिकाऊ दोन्ही हात मोकळे सोडून धावायला लागले.

नियम असा, की एक मोजणी बिनचूक झाली आणि पुढची कारवाई फत्ते झाली की शिकाऊचा रक्षक होतो. तीन मोजण्या चुकल्या की घरी. ताईचा एवढा हात बसलेला, नजर तयार. आम्हाला वाटलं, ही पहिल्याच फटक्यात पट्टी घेऊन येणार.

पहिलं धूड बसलं होतं न्हाव्याच्या दुकानापुढे. ताईने न घाबरता फीत लावली आणि लिहिलं, साडेपंधरा फूट. त्यामुळे जाळं राहिलं बाजूला आणि फेसाचा बंब सुटला. धूड शिंकत शिंकत पळालं. न्हाव्याचं दुकान फेसाने छतापर्यंत भरलं. आतलं गिऱ्हाईक तासाने बाहेर आलं, तेव्हा त्याची दाढी झाली होती की व्हायची होती हे न्हाव्यालाही सांगता येईना.

कारवाईनंतर पथकप्रमुखाने ओल्या ठशांवरून काठीने माप पडताळायचं असतं. छोट्या मॅडम काठी घेऊन उभ्या राहिल्या. "शिकाऊ मावशी, हे तेरा फूट भरतंय. तुम्ही साडेपंधरा लिहिलंय."

"तेराच आहे," ताई म्हणाली. "अडीच माया धरली."

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. म्हणजे पुढे अंग सुटलं तर उसवून वाढवता येतं.

"धुडाला माया कशाला?"

"वाढलं म्हणजे? बाई, माप घेताना थोडं जास्तच धरावं. जास्तीचं कापता येतं, कमी पडलं तर आणायचं कुठून?"

छोट्या मॅडमनी फॉर्मवर लाल शेरा मारला. चूक पहिली.

दुसऱ्या वेळी तर तिने कहर केला. धूड होतं अठ्ठावीस फुटांचं. तिने लिहिलं साडेतीस. तिसाच्या वर, म्हणजे दलप्रमुखांना बोलावणं आलं. अकरा वर्षांत त्यांच्यावर बाहेर पडायची वेळ आली नव्हती. त्यांचा लढाईचा कोट पोटावर बसेना, तो ताईनेच घाईघाईने मागून उसवून दिला. तोफ ढकलत आणली, बिगूल वाजला, आणि साहेबांनी संशय आला म्हणून काठी लावायला सांगितली. अठ्ठावीस! त्यांच्या हुद्द्याला न शोभणारं धूड. ते नियमाने तोफ डागू शकत नव्हते, आणि फेसाचा बंब आणेपर्यंत धूड कंटाळून घरी गेलं. उसवलेल्या कोटाने साहेब परत गेले. चूक दुसरी.

आता एकच संधी उरली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने घरात सराव सुरू केला. कपाट मोजलं, दार मोजलं, पलंगावर पडलेले भावजी मोजले. मीही सापडलो. मी पाच फूट चार इंच आहे. पहिल्या दिवशी मी सहा फूट भरलो. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? रोज जेवणाआधी ती मला भिंतीला उभं करायची आणि रोज मी थोडा थोडा खचत गेलो. महिन्याने मी बरोबर पाच-चारवर आलो. तिला आनंद झाला. माझा दिवस वाईट गेला.

आणि मग त्या रविवारी सकाळी मी दुकानात यंत्र पुसत असताना अचानक अंधार झाला. वळून पाहतो, तर काचेच्या दाराला बाहेरून राखाडी पाठ टेकलेली. धूड माझ्या दुकानापुढे बसलं होतं. आरामात टेकून. काच करकरली. माझी बोबडी वळली. मी भावजींना फोन लावला.

"भावजी, धूड बसलंय!"

"कितव्या मजल्यावर?" त्यांनी विचारलं. कामाच्या वेळी त्यांना दुसरं काही सुचत नाही.

दल मात्र लगेच आलं. धुडाच्या काखेखालून मला रस्त्याचा एवढासा तुकडा दिसत होता. त्यात पलीकडच्या फुटपाथवर छोट्या मॅडम कर्णा घेऊन उभ्या. "आतल्या नागरिकाने घाबरू नये!" त्या कर्ण्यातून ओरडल्या. त्याने धूड दचकलं आणि आणखी मागे रेललं. मी मग आणखी घाबरलो.

मग पिवळं जाकीट दिसलं. ताई. फीत घेऊन ती शेपटीपासून निघाली, नाकापर्यंत गेली आणि परत काखेशी आली. तिचा चेहरा काचेच्या पलीकडे, दोन हातांवर. पांढराफटक.

"किती?" मी विचारलं.

"एकतीस. चांगलं तीनदा बघितलं. माया नाही, काही नाही. एकतीस."

एकतीस म्हणजे तोफ. तोफेपुढे धूड, धुडामागे काच, काचेमागे मी आणि दोन यंत्रं.

"कमी लिही!" मी ओरडलो. "अठ्ठावीस लिही! मला फेस चालेल!"

"अरे, मागून काठी लावतात. चुकीचं निघालं की तिसरी चूक. घरी बसवतील."

"तुला पट्टी मोठी का भाऊ मोठा?"

तिने विचार केला. मी बघत होतो, तिने खरोखरच विचार केला. मला इतका संताप आला, की घाबरायचं थोडा वेळ राहूनच गेलं. मग तिने डोळे पुसले, पेन उघडलं आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहायला वाकली. ती अठ्ठावीसच लिहिणार होती. पुढे मी शंभरदा विचारलं तरी ती कबूल करत नाही, पण पेनाने दोनाचा आकडा काढलेला मी काचेतून पाहिलाय. त्यामुळे लहानपणी तिने मला मारलेले सगळे धपाटे मी तिथल्या तिथे माफ केले.

दोन काढला आणि ती थांबली. धुडाकडे पाहिलं. मला म्हणाली, "हे बसलंय."

"ते दिसतंय मला!"

"बसलेल्या गिऱ्हाइकाचं माप कधी कुणी घेतं का? बावीस वर्षांत मी नाही घेतलं."

आणि तिने धुडाच्या बरगडीवर दोन बोटांनी टकटक केलं. टपरीतल्या आवाजात म्हणाली, "अहो, जरा उभं राहता का? माप घ्यायचंय. सरळ. पोट आत नका ओढू, नेहमी असतं तसं राहू द्या."

तिच्या या आवाजाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. धूड उभं राहिलं. दुकानात लख्ख उजेड पडला, मी दार उघडून बाहेर धूम ठोकली आणि छोट्या मॅडमच्या मागे जाऊन लपलो. धूड रस्त्याच्या मधोमध दोन्ही आखूड हात बाजूला धरून उभं होतं, हनुवटी वर, शिंप्यापुढे सगळे उभे राहतात तसं. ताईने फीत टाकली आणि एकदा हात चालू झाले ते झालेच. "छाती एकोणीस फूट! खांदा आठ! बाही साडेचार!" ती आकडे मोठ्याने सांगत गेली आणि छोट्या मॅडम नकळत लिहीत गेल्या. शेवटी फीत गळ्यात टाकून ताई म्हणाली, "झालं. गुरुवारी या."

धूड वळलं आणि तलावाच्या दिशेने चालू लागलं. ताईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! काय बोलून गेले मी!"

दुपारी दलप्रमुखांपुढे सगळ्यांची हजेरी झाली. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. साहेबांनी फॉर्म डोळ्यांपासून लांब धरला. "कारवाईच्या रकान्यात काय लिहिलंय हे?"

छोट्या मॅडम ताठ उभं राहून म्हणाल्या, "'गुरुवारी बोलावलं आहे', साहेब."

"आपण धुडं घालवतो की बोलावतो?"

मी खोकलो, तर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा खोकला मी गिळून टाकला. मग त्यांनी निकाल दिला. गुरुवारी धूड आलं आणि कुठेही न बसता शहाण्यासारखं परत गेलं, तर मोजणी बरोबर धरू. शिकाऊ मावशी रक्षक. काही वाकडं झालं तर तिसरी चूक, आणि फाटकातून बाहेर. तोफ तयार ठेवा.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता गं?"

"आता काय? गुरुवारी बोलावलंय तर शिवायला नको?"

चार दिवस आमच्या घराला घर म्हणायची सोय राहिली नाही. दलाच्या गोदामात फाटके तंबू पडून होते, ते ताईने मागून आणले. कवायतीच्या मैदानावर कापड पसरलं आणि ती गुडघ्यांवर रांगत खडूने रेघा मारत गेली. माया मनसोक्त सोडली. कुणाची बोलायची छाती झाली नाही. तुकडीतली मुलं कात्र्या चालवत होती, छोट्या मॅडम कच्चे टाके घालत होत्या आणि दर तीन टाक्यांमागे बोटात सुई टोचून घेत होत्या. बटणं कसली लावायची हा प्रश्न भावजींनी सोडवला. घरातली पातेल्यांची झाकणं नेली आणि ड्रिलने प्रत्येकाला चार भोकं पाडून आणली. माझ्या घरचीही आठ झाकणं त्यात गेली. बायको अजून विचारते, पण देशाच्या संरक्षणापुढे झाकण काय चीज आहे, असं मी तिला सांगतो. ते तिला पटत नाही.

गुरुवार उजाडला. टपरीच्या समोर वाळूच्या पोत्यांमागे रक्षक, त्यांच्या मागे बंब, बंबामागे तोफ, तोफेमागे दलप्रमुख, त्यांच्या मागे मी. धूड ठरल्या वेळी आलं. शिंप्याकडे वेळेवर येणारं ते पहिलं गिऱ्हाईक, आणि वेळेवर कपडा तयार असलेला पाहणारंही पहिलंच. ताई शिडीवर चढली. एक हात घातला, दुसरा घातला. झाकणं एकेक करून लागली. मग तिने मागून खांदे ओढून सरळ केले आणि म्हणाली, "वळा बघू."

धूड वळलं. शेजारच्याच माझ्या दुकानाच्या काचेत त्याने स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग ते हळूहळू तलावाकडे निघालं. वाटेत भाजीबाजार होता, ऐसपैस कट्टा होता, नव्याकोऱ्या गाड्यांची रांग होती. कशावरही बसलं नाही.

"बसलं कसं नाही?" साहेबांनी विचारलं.

"नवे कपडे घालून रस्त्यात कोण बसतं, साहेब?" ताई म्हणाली.

ती पट्टी तिला त्याच संध्याकाळी मिळाली. लावायची कुणी हा प्रश्न आला, कारण स्वतःच्या मानेमागे सोळा टाके स्वतःला घालता येत नाहीत. छोट्या मॅडम पुढे झाल्या. ताईला स्टुलावर बसवलं, जीभ दातांत धरून टाके घातले आणि प्रत्येक टाक्याला तीन-तीन गाठी मारल्या. पट्टी साफ वाकडी बसली. मला वाटलं ताई उसवून परत लावेल. तिने आरशात पाहिलं आणि हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात तिने तीन फेऱ्या मारल्या, आणि आणलं काय, तर काड्यापेटी. ती अर्धा इंच उंच झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही.

पुढच्या बुधवारी सकाळी छोट्या मॅडमचा कर्णा वाजला. आम्ही गल्लीतले सगळे बाहेर धावलो. दलाच्या फाटकापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत धुडं उभी होती. सात. लहान, मोठी, एक तर फाटकापेक्षा उंच. ओळीने, एकामागे एक, धक्काबुक्की नाही, काही नाही. सगळी ताईच्या टपरीकडे तोंड करून.

साहेबांना मात्र स्फुरण चढलं. कोट घालून ते तोफेशी हजर. "एकदाची लढाई आली," म्हणाले. "मोजा आणि सुरू करा!"

मोजणार कोण? ताई रक्षक झाल्यावर तुकडीत दोघेच शिकाऊ उरले होते. एक झाडावर होता. दुसरा त्याला खाली उतरवायला म्हणून वर गेला होता.

"मापाशिवाय तोफ डागता येत नाही, साहेब," छोट्या मॅडम म्हणाल्या. "आणि शिकाऊशिवाय माप घेता येत नाही."

"कुणी केला हा नियम?"

"तुम्हीच, साहेब."

इतक्यात ओळीतलं तिसरं धूड कंटाळलं. त्याने एक पाय बदलला, इकडेतिकडे पाहिलं आणि गल्लीतल्या पहिल्या घराचं छप्पर हाताने दाबून पाहिलं, गादी दाबून बघतात तसं. घरातल्या आजोबांनी खिडकी उघडली आणि हळूच परत लावून घेतली. बाकीची धुडंही आता छपरांकडे पाहायला लागली. सात धुडं बसली असती, तर आमच्या गल्लीचा कागद झाला असता.

ताई पुढे झाली. "साहेब, फीत द्या. मी घेते मापं. आजच्या दिवसापुरतं."

साहेबांना तिची दया आली असावी, पण त्यांनी मान हलवली. "रक्षकाने फीत धरली तर पट्टी जाते, मावशी. हवं तर छोट्या मॅडमना विचारा. मी एकाला सूट दिली तर उद्या सगळे मागतील."

ताई तिथेच उभी राहिली. तिचा हात आपोआप मानेमागे गेला. मी जवळ गेलो. म्हटलं, "ताई, राहू दे. दुसरं काहीतरी करतील ते. इतक्या वर्षांनी मिळालंय तुला."

"सहा दिवस झाले रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला हवी होती ती. अजूनही हवी आहे. तुला वाटेल मी मोठ्या मनाची आहे, तर तसं काही नाहीये. मला चांगला राग आलाय." आणि मग मला म्हणाली, "ब्लेड आहे का तुझ्याकडे? ओढून काढली तर कॉलर फाटेल."

मी दुकानातून ब्लेड आणलं. छोट्या मॅडमनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःचेच टाके कापायला लागल्या. गाठी काही केल्या सुटेनात. "किती गाठी मारल्यात हो बाई," ताई नाक ओढत म्हणाली, "निघू नये म्हणूनच मारल्या होत्या जशा." त्यावर छोट्या मॅडमना इतकं रडू आलं, की त्यांना समोरचं दिसेना, आणि शेवटचे चार टाके ताईनेच मागे हात नेऊन चाचपत कापले. मीही रडलो. सांगायला लाज कसली? सोळावा टाका निघाला आणि ती वाकडी पट्टी तिच्या हातात आली. तिने ती बोटांनी सारखी केली, साहेबांच्या हातात ठेवली आणि दुसरा हात पुढे केला. साहेबांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. मग झाडाखाली पडलेल्या फितीकडे हात केला, कारण ती उचलून द्यायची त्यांनाही परवानगी नव्हती.

ताईने फीत उचलली. त्या दिवशी सात मापं झाली आणि एकही धूड बसलं नाही. पहिला फॉर्म भरताना ती माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होती, त्यामुळे मला तिचं पेन कळत होतं. लांबी लिहिली, घेर लिहिला. हुद्द्याच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं. मग तिने लिहिलं, शिकाऊ, आणि मला म्हणाली, "हलू नकोस, अजून सहा आहेत."